रिमोट सेशनचं रेकॉर्डिंग: करायचं कुठे, ठेवायचं किती, आणि नंतर सापडणार कसं?

वारणाकाठ

नमस्कार मंडळी. सांगली-कोल्हापूर पट्ट्यात आमची छोटी सपोर्ट फर्म आहे. पतसंस्था, दूध संस्था, दोनतीन नागरी सहकारी बँकांच्या शाखा असं मिळून काम चालतं. मशीन, नेटवर्क, प्रिंटर, बॅकअप आमच्याकडे, बँकिंग सॉफ्टवेअर दुसऱ्या कंपनीचं. पण शाखेच्या दृष्टीने सगळं एकच, डे-एंड अडकला की पहिला फोन आम्हाला येतो, मग आमचा मुलगा रिमोट घेतो आणि गरज पडली तर त्याच रिमोटवर सॉफ्टवेअर कंपनीच्या माणसालाही घेतो.

मध्यंतरी एका शाखेतून तक्रार आली की रिमोट संपल्यावर एक ट्रान्सफर व्हाउचर दिसत नाहीये, तुमच्या माणसाने उडवलं. मुलगा म्हणतो मी त्या स्क्रीनवर गेलोच नाही. सॉफ्टवेअरवाले म्हणतात आमच्याकडून काही झालेलं नाही. नंतर व्हाउचर सापडलं, पासिंगला पेंडिंग पडलेलं होतं, पण तोपर्यंत त्या पोराला जे ऐकून घ्यावं लागलं ते माझ्या डोक्यातून जात नाही. चांगला मुलगा आहे, आणि त्याच्याकडे स्वतःच्या बाजूने दाखवायला काहीच नव्हतं.

तेव्हा प्रत्येक रिमोट सेशन रेकॉर्ड करायचं ठरवतोय. पण प्रश्न भरपूर आहेत. आत्ता मुलं एनीडेस्क, टीमव्ह्यूअर, कधी विंडोजचं क्विक असिस्ट असं जे हाताशी असेल ते वापरतात. रेकॉर्डिंग त्यांच्याच मशीनवर करू का सर्व्हरवर? जागा किती खाईल? दोन महिन्यांनी कुणी विचारलं तर नेमकी ती पाच मिनिटं कशी शोधायची? आणि समोरच्या माणसाला सांगायचं का, कसं सांगायचं? ज्यांनी हे प्रत्यक्ष चालवलंय त्यांनी सविस्तर लिहा प्लीज.

गोदाकाठचा_ॲडमिन

चांगला विषय काढलात. नाशिकात एका संस्थेत हे बरेच दिवस चालवतोय, म्हणून जरा लांब लिहितो.

सगळ्यात आधी ठरवा रेकॉर्डिंग कोण करतंय. टीमव्ह्यूअर रेकॉर्डिंगची टीव्हीएस फाइल करतो, एनीडेस्क स्वतःच्या एनीडेस्क एक्स्टेन्शनची फाइल करतो, रस्टडेस्क वेबएम किंवा एमपीफोर करतो. तिन्ही ठिकाणी ती फाइल एका टोकाच्या मशीनवर पडते, म्हणजे साधारणपणे तुमच्या मुलाच्या लॅपटॉपवर. मग जो माणूस तपासायचा आहे त्याच्याच हातात पुरावा राहतो. तो प्रामाणिक असला तरी समोरचा विचारणारच की यातली नको ती फाइल काढून टाकली नसेल कशावरून. ज्या पोरासाठी तुम्ही हे करताय त्यालाच त्याचा उपयोग होणार नाही.

आणि या टूल्सचा मधला सर्व्हर रेकॉर्डिंग करू शकत नाही, कारण दोन टोकांमध्ये एन्क्रिप्शन असतं, मधल्याला चित्र दिसतच नाही. तशी रचना मुद्दाम केलेली आहे आणि योग्यच आहे. क्विक असिस्टमध्ये तर रेकॉर्डिंगची सोयच नाही.

त्यामुळे मधे असा सर्व्हर लागतो जो स्वतः सेशन उघडतो. दोन फुकट पर्याय आहेत, अपाची ग्वाकामोली आणि मेशसेंट्रल. ग्वाकामोलीत माणूस ब्राउझरमधून येतो, आतला ग्वाकडी नावाचा प्रोग्राम आरडीपी, व्हीएनसी (दोन्ही समोरची स्क्रीन बघायच्या पद्धती) किंवा एसएसएचने (फक्त कमांड टाइप करायची पद्धत) पुढच्या मशीनला जोडतो, आणि जे काही स्क्रीनवर जातं ते तिथेच फाइलमध्ये उतरवतो. टेक्निशियनच्या लॅपटॉपवर काहीच राहत नाही, त्याला रेकॉर्डिंग बंदही करता येत नाही.

पण तुमच्या बाबतीत एक मोठी अडचण. ग्वाकडीला शाखेच्या मशीनपर्यंत पोचता आलं पाहिजे, म्हणजे व्हीपीएन हवा, इंटरनेटवरून जाणारा खाजगी रस्ता. आणि आरडीपीने गेलात तर विंडोज १० किंवा ११ वर समोरच्या क्लार्कची स्क्रीन लॉक होते, त्याला काय चाललंय ते दिसत नाही. सपोर्टसाठी ते चालत नाही, दोघांना एकच स्क्रीन दिसायला हवी, म्हणजे व्हीएनसी लागेल. व्हीएनसीच्या जुन्या पद्धतीत पासवर्डची पहिली ८ अक्षरंच धरली जातात, तेव्हा ५९०० पोर्ट फक्त ग्वाकडीच्या आयपीला उघडा ठेवा, बाकी कुणाला नाही.

मेशसेंट्रलमध्ये शाखेच्या मशीनवर एजंट नावाचा छोटा प्रोग्राम बसतो आणि तोच बाहेर सर्व्हरला जोडून राहतो, त्यामुळे राउटरवर काही उघडावं लागत नाही. पतसंस्थांसारख्या ठिकाणी, जिथे साधं ब्रॉडबँड आहे, तिथे हेच सोपं पडेल. कॉन्फिगमध्ये सेशन रेकॉर्डिंग चालू केलं की एमसीरेक एक्स्टेन्शनच्या फाइल तयार होतात, टर्मिनल, डेस्कटॉप आणि फाइल ट्रान्सफर यातलं काय रेकॉर्ड करायचं ते वेगवेगळं ठरवता येतं, किती दिवस ठेवायचं आणि किती मेगाबाइटच्या वर गेलं की जुनं काढायचं तेही.

रात्रपाळी

हिंजवडीत अमेरिकन क्लायंटच्या सपोर्टला आहे, आमची प्रत्येक सेशन रेकॉर्ड होते. टूलबद्दल वरचे जाणकार सांगतीलच, मी खुर्चीत बसणाऱ्याच्या बाजूने लिहितो.

सुरुवातीला आम्हाला सांगितलं होतं की हे तुमच्या संरक्षणासाठी आहे. आणि ते खरंही होतं, दोन वेळा क्लायंटने आरोप केला आणि रेकॉर्डिंगमुळे आमचा माणूस सुटला. पण पुढे एका टीम लीडने तीच रेकॉर्डिंग काढून कोण किती वेळ माउस न हलवता बसलं ते मोजायला सुरुवात केली. त्या दिवसापासून पोरं अवघड टिकीट, म्हणजे नोंदवलेली तक्रार, घ्यायलाच तयार होईनात. अवघड टिकीट म्हणजे विचार करायला थांबणं आलं, लॉग वाचणं आलं, आणि विचार करणारा माणूस रेकॉर्डिंगमध्ये रिकामा बसलेला दिसतो. मग जो तो पटापट क्लिक करून सेशन बंद करायला लागला.

म्हणून मालक म्हणून तुम्ही पहिल्याच दिवशी लिहून द्या की रेकॉर्डिंग कधी उघडलं जाईल. तक्रार आली तर, ऑडिटला लागलं तर, किंवा त्या मुलानेच मागितलं तर. आणि उघडताना तो मुलगा तिथे हजर असेल. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे.

वारणाकाठ

@रात्रपाळी, हे डोक्यात आलंच नव्हतं, लिहून देतो. मुलं आपलीच आहेत, त्यांच्यावर पाळत ठेवायची म्हणून हे करत नाहीये.

@गोदाकाठचा_ॲडमिन, मेशसेंट्रल बघतो. पण सर्व्हरवर रेकॉर्ड झालेल्या या फाइल व्हीएलसीसारख्या व्हिडिओ प्लेअरमध्ये का चालत नाहीत? आणि एकाने मला सांगितलं की ४० व्या मिनिटावर जायचं तर आधीची ४० मिनिटं बघावी लागतात, असं खरंच आहे का?

जर्मनीतला_जळगावकर

याचं उत्तर मी देतो, कामाचा भाग आहे आणि आवडीचाही.

१९२० बाय १०८० ची स्क्रीन, एका पिक्सेलला ४ बाइट धरले तर एक चित्र सुमारे ८.३ मेगाबाइटचं होतं. सेकंदाला ३० चित्रं पाठवायची म्हटली तर जवळपास २५० मेगाबाइट झाले. शाखेच्या ब्रॉडबँडवरून ते जाणं शक्यच नाही. म्हणून रिमोट डेस्कटॉपचे प्रोटोकॉल पूर्ण चित्र पाठवतच नाहीत, फक्त बदललेला चौकोन पाठवतात. व्हीएनसीचा आरएफबी प्रोटोकॉल केंब्रिजच्या ऑलिवेट्टी संशोधन प्रयोगशाळेत तयार झाला आणि २०११ मध्ये आरएफसी ६१४३ म्हणून छापला गेला, त्याचा गाभाच हा आहे. बघणारा म्हणतो मागच्या वेळेपासून काय बदललं ते दे, समोरचा म्हणतो या ठिकाणी इतक्या रुंदीउंचीचा चौकोन बदललाय, हे घे त्याचे पिक्सेल. कर्सर लुकलुकला तर काही बाइट, खिडकी सरकवली तर बरेच.

रेकॉर्डिंग म्हणजे हाच बदलांचा प्रवाह वेळेच्या शिक्क्यासकट फाइलमध्ये उतरवणं. तो व्हिडिओ नाहीच, म्हणून व्हीएलसीला कळत नाही, आणि म्हणूनच फाइल लहान असते. क्लार्क अर्धा तास एकाच फॉर्मवर टायपिंग करतोय तर फाइलमध्ये पडणारच काय?

आता मागेपुढे जाण्याचं. तुम्ही रोजमेळ बघता ना, तसंच आहे हे. पानावर नुसत्या जमा-नावेच्या नोंदी आहेत, तर १७ तारखेची शिल्लक काढायला पहिल्या नोंदीपासून बेरीज करावी लागेल. पण रोजची अखेर शिल्लक लिहिलेली असेल तर १६ ची शिल्लक घेऊन एका दिवसाच्या नोंदी जोडल्या की झालं. रेकॉर्डिंगमध्ये ठरावीक अंतराने पूर्ण स्क्रीनचं चित्र साठवलेलं असेल, त्याला कीफ्रेम म्हणतात, तर ४० व्या मिनिटावर उडी मारता येते. नसेल तर प्लेअरला पहिल्यापासून सगळं चालवत यावं लागतं, भले दाखवलं नाही तरी.

व्हीएनसीच्या कच्च्या रेकॉर्डिंगमध्ये अजून एक खोच आहे. झेडआरएलई एन्कोडिंगमध्ये पूर्ण कनेक्शनभर झेडलिबने दाबून लहान केलेला एकच प्रवाह चालतो, पुढचं उलगडायला मागचं सगळं वाचलेलं लागतं. म्हणजे मधूनच सुरू केलेलं रेकॉर्डिंग किंवा मधेच तुटलेली फाइल उघडणारच नाही. कुणी नुसती नेटवर्कची पॅकेट पकडून ठेवायचा सल्ला दिला तर हे लक्षात ठेवा.

ग्वाकामोलीचा ब्राउझर प्लेअर फाइल वाचताना स्वतःच कीफ्रेम तयार करतो. मेशसेंट्रलमध्ये इंडेक्स नावाचं सेटिंग आहे, ते चालू नसेल तर प्लेअरमध्ये मागेपुढे जाता येत नाही. सुरुवातीलाच चालू करा.

शिकाऊ_साताऱ्याचा

एक भाबडा प्रश्न, विंडोजमध्ये स्टेप्स रेकॉर्डर असतो ना, पीएसआर, त्याने काम होणार नाही का? फुकट आहे आणि मशीनवर आधीच आहे.

जर्मनीतला_जळगावकर

@शिकाऊ, प्रश्न रास्त आहे. तो विंडोज ७ पासून आहे, प्रत्येक क्लिकला एक चित्र आणि खाली कुठे क्लिक केलं त्याचं वाक्य लिहितो, सगळं झिपमध्ये. क्लार्कने एरर कशी येते ते दाखवायला उत्तम. पण मुळात तो शेवटची २५ चित्रंच ठेवतो, आकडा वाढवता येतो खरा, तरी पुरावा म्हणून त्याचा उपयोग नाही, कारण चालू-बंद करणं समोर बसलेल्याच्या हातात. शिवाय मायक्रोसॉफ्टने तो काढून टाकणार असल्याचं जाहीर केलंय, त्यावर नवीन पद्धत बांधू नका.

गोदाकाठचा_ॲडमिन

जागेचा हिशोब राहिला होता. कच्च्या फाइल किती होतील ते स्क्रीनवर काय चाललंय त्यावर आहे, त्यामुळे आकडा देत नाही, आठवडाभर चालवून स्वतः मोजा. पण ग्वाकामोलीची फाइल तिच्याच ग्वाकएन्क टूलने व्हिडिओत बदललीत तर हिशोब पक्का मांडता येतो. वेगळं काही सांगितलं नाही तर तो ६४० बाय ४८० आकाराचा, २ एमबीपीएसचा एमफोरव्ही बनवतो, म्हणजे तासाला सुमारे ९०० मेगाबाइट. समजा दिवसाला ४० सेशन, प्रत्येकी २० मिनिटं, तर १३ तास २० मिनिटं झाली, म्हणजे १२ जीबी रोज. १८० दिवस ठेवायचं तर दोन टीबीच्या वर. आणि ६४० बाय ४८० मध्ये व्हाउचर नंबर वाचता येत नाही, म्हणजे जागाही गेली आणि कामही झालं नाही.

म्हणून सरसकट व्हिडिओ बनवू नका. कच्ची फाइल ठेवा, ब्राउझरमध्येच बघा. २०२३ साली आलेल्या १.५.० पासून ग्वाकामोलीत ते जमतं, हिस्टरी रेकॉर्डिंग स्टोरेज नावाचं एक्स्टेन्शन टाकलं की कनेक्शनच्या हिस्टरीतच व्ह्यू म्हणून लिंक येते. व्हिडिओ फक्त ज्या सेशनवर वाद आहे तिचाच, आणि स्क्रीनचा खरा आकार देऊन.

आता शोधायचं कसं, मला विचाराल तर सगळं घोडं इथेच अडतं. फाइलच्या नावात तारीख, वेळ, युजरनेम आपोआप टाकता येतं, त्यासाठी ग्वाकामोलीत टोकन आहेत. पण डॉकरवर, म्हणजे प्रोग्राम कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यात, चालवत असाल तर कंटेनरचं घड्याळ यूटीसीवर असतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. शाखा म्हणते दुपारी चारला झालं, तुमची फाइल म्हणते साडेदहा, आणि शोधणारा माणूस दुसरीच सेशन उघडून बसतो. टाइमझोन पहिल्या दिवशी आशिया/कोलकाता करा. आणि मुलांना एक शिस्त लावा, टिकीट उघडल्याशिवाय रिमोट नाही, आणि सेशन संपली की टिकीटमध्ये सेशनची वेळ आणि एका ओळीत काय केलं ते. दोन महिन्यांनी तीच ओळ तुम्हाला त्या पाच मिनिटांपर्यंत नेईल.

सोलापूरचा_ऑडिटर

सिस्टिम ऑडिट करतो, नागरी बँकांचंच जास्त. नियमांबाबत थोडं.

तुमच्या यादीत पतसंस्था आणि नागरी बँका दोन्ही आहेत, त्यांना एका मापाने मोजू नका. पतसंस्थेवर रिझर्व्ह बँकेचं नियंत्रण नाही, ती सहकार खात्याच्या अखत्यारीत येते. नागरी बँकांना मात्र रिझर्व्ह बँकेची सायबर सुरक्षेची चौकट लागू आहे, ऑक्टोबर २०१८ ची मूळ आणि ३१ डिसेंबर २०१९ ची चार पातळ्यांची. आयटी आउटसोर्सिंगचे एप्रिल २०२३ चे निर्देश टियर ३ आणि ४ च्या, म्हणजे मोठ्या, नागरी बँकांना लागू आहेत, त्याखालच्यांना नाहीत. पण सगळीकडे तत्त्व एकच, काम बाहेर दिलं तरी जबाबदारी बँकेची. म्हणून रेकॉर्डिंग कुणाचं, कुठे राहणार, करार संपल्यावर त्याचं काय, हे बँकेबरोबरच्या करारात असलंच पाहिजे. माझ्या मते बँकेच्या सेशनची रेकॉर्डिंग बँकेच्या ताब्यातल्या जागेत असावीत, तुमच्याकडे फक्त पाहण्याचा हक्क.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश सांगतात की सिस्टिमचे लॉग १८० दिवस भारतात ठेवा, घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या एनटीपी (वेळ पुरवणाऱ्या) सर्व्हरशी जुळवा, आणि सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत कळवा. कोण कधी जोडला आणि कधी सुटला हे लॉगमध्ये निश्चित येतं. स्क्रीनचं पूर्ण रेकॉर्डिंग त्यात धरायचं का यावर दोन मतं ऐकलीत, मी दोन्हीला १८० दिवस धरायला सांगतो म्हणजे वाद नको.

आणि प्रकरण कोर्टात जाण्याची शक्यता असेल तर. १ जुलै २०२४ पासून पुराव्याच्या जुन्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आलाय, इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र आता कलम ६३ खाली. त्या नमुन्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइलवरून काढलेला ठसा, फाइल बदलली की तोही बदलतो) लिहावी लागते, आणि दोन भाग आहेत, एक यंत्रणा सांभाळणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. म्हणून सेशन बंद झाल्याझाल्या फाइलची शा-२५६ हॅश काढून वेगळ्या मशीनवर लिहून ठेवा. वाद उभा राहिल्यावर काढलेली हॅश एवढंच सांगते की वादानंतर फाइल बदलली नाही, आधीचं काही सांगत नाही.

मुक्ता_नागपूर

मी एका संस्थेत ट्रेनिंग बघते, म्हणजे शाखेतल्या ताईदादांना सॉफ्टवेअर शिकवणं आणि सपोर्टला आलेल्या नव्या मुलांना तयार करणं. समोरच्याला कसं सांगायचं यावर कुणी नीट बोललं नाही म्हणून लिहिते.

शाखेतला माणूस आधीच घाबरलेला असतो. एनीडेस्क टाकायला लावून खात्यातले पैसे उडवल्याच्या बातम्या त्याने वाचलेल्या असतात, रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच त्याबद्दल सावध केलं होतं. त्याला वाटणारी भीती योग्य आहे, ती घालवू नका, तिला आधार द्या. आमची मुलं फोनवर तीन गोष्टी सांगतात. मी अमुक, टिकीट नंबर तमुक, खात्री करायची असेल तर फोन ठेवून आमच्या नेहमीच्या नंबरवर लावा. स्क्रीन रेकॉर्ड होतेय, कशासाठी आणि किती दिवस राहील. पासवर्ड किंवा ओटीपी मी विचारणार नाही, तुम्हाला टाकायचा असेल तेव्हा सांगा. एवढं बोलायला अर्धं मिनिट लागतं आणि समोरचा आवाज लगेच बदललेला कळतो.

मेशसेंट्रलमध्ये समोरच्या स्क्रीनवर परवानगीची खिडकी आणि सेशन चालू असेपर्यंत वर एक पट्टी दाखवता येते, दोन्ही चालू ठेवा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी लागू होतील. त्यात संमतीची नोटीस इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचायचा पर्याय द्यायला सांगितलंय. मग मराठी नोटीस आत्तापासूनच करा ना, आणि वाचून कळेल अशी करा. शाखेच्या स्क्रीनवर खातेदारांची नावं, शिल्लक, आधार नंबर असतात, त्या खातेदारांना तर माहीतही नसतं की त्यांचं पान रेकॉर्ड झालंय. त्यामुळे मुलांना सांगायचं, काम नसलेली खिडकी आधी मिनिमाइज करायला लावा, मगच रिमोट घ्या.

रेकॉर्डिंगचा शिकवण्यासाठी फार चांगला उपयोग होतो हेही सांगायचंय. आमचा एक जुना सहकारी प्रिंटर अलाइनमेंटचं टिकीट घेतो तेव्हा आधी ड्रायव्हरला हातच लावत नाही, पासबुक प्रिंटरची टेस्ट प्रिंट काढायला सांगतो, मग पेपर साइज बघतो. नव्या मुलीने ती सेशन दुप्पट वेगाने पाहिली आणि जिथे तो थांबला तिथे थांबवून त्याला विचारलं की इथे तू काय विचार करत होतास. त्या एका प्रश्नातून ती जे शिकली ते मॅन्युअलमध्ये कुठेच नाहीये. पण शिकवायला घेतलेली सेशन टेस्ट डेटाची असावी, किंवा खातेदारांची माहिती झाकून, आणि त्या सहकाऱ्याला विचारूनच.

रात्रपाळी

+१ मुक्ताताई. थांबणाऱ्या माणसाकडे असंही बघता येतं, हे आमच्याकडे कुणाला सुचलं नाही.

आणि एक गोष्ट ठळकपणे सांगतो. कीस्ट्रोक रेकॉर्ड करू नका. ग्वाकामोलीत तो पर्याय वेगळा आहे, रेकॉर्डिंग-इन्क्लूड-कीज, मुद्दाम चालू केल्याशिवाय चालू होत नाही. चालू केला तर ग्वाकलॉग नावाचं टूल त्या फाइलमधून टाइप केलेलं सगळं वाचता येईल अशा मजकुरात काढून देतं. स्क्रीनवर ठिपके दिसणारा पासवर्ड तिथे जसाच्या तसा असतो. म्हणजे तुमच्या रेकॉर्डिंगच्या फोल्डरमध्ये सगळ्या शाखांचे पासवर्ड जमा होत राहणार, आणि तो फोल्डर ज्याच्या हाती लागला त्याच्या हाती सगळ्या शाखा.

डीबीए_दादा

सगळं वाचलं, छान चाललंय. पण मूळ प्रश्न व्हाउचरचा होता हे विसरू नका.

स्क्रीनचं रेकॉर्डिंग हात कुठे फिरला ते दाखवतं, टेबलमध्ये काय बदललं ते नाही. मुलाने रिमोटवर प्रिंटरच नीट केला आणि त्याच वेळी सॉफ्टवेअर कंपनीचा माणूस आपल्या वेगळ्या कनेक्शनने डेटाबेसवर थेट एसक्यूएलच्या कमांड चालवत होता, तर तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये ते येणारच नाही. त्यासाठी डेटाबेसचा ऑडिट लॉग चालू हवा, कुठल्या युजरने कुठल्या वेळी कुठली ओळ बदलली. आणि सगळे एकाच ॲडमिन लॉगिनने जात असतील तर दोन्ही निरुपयोगी, आधी प्रत्येकाला स्वतःचं लॉगिन द्या. मग रेकॉर्डिंग, ऑडिट लॉग आणि टिकीट तिन्ही एका वेळेवर जुळवा. चार वाजून बारा मिनिटांनी व्हाउचर पेंडिंगला गेलं आणि त्या मिनिटाला आपला मुलगा प्रिंटर प्रॉपर्टीजच्या खिडकीत होता, एवढं दाखवलं की बोलणं संपतं.

लिनक्स सर्व्हरवर कंपनीचा माणूस एसएसएचने येत असेल तर स्क्रीन रेकॉर्ड करायची गरजच नाही. ॲडमिनच्या हक्काने कमांड चालवणाऱ्या सुडोचं स्वतःचं आउटपुट लॉगिंग आहे आणि सुडोरीप्ले नावाचा प्लेअरही. मजकूरच असतो, जागा नगण्य, आणि शोध घेता येतो, जे चित्रात कधीच जमणार नाही.

आणि फाइल ट्रान्सफर, क्लिपबोर्ड. स्क्रीनवर काहीच न दिसता एक्सेल शीट बाहेर जाऊ शकते. ग्वाकामोलीत डाउनलोड, अपलोड, कॉपी, पेस्ट वेगवेगळे बंद करता येतात, बँकांसाठी चारही बंद ठेवून लागेल तेव्हाच उघडा.

वारणाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

काय करतोय ते लिहितो, कुठे चुकत असेन तर सांगा. पतसंस्था आणि दूध संस्थांना मेशसेंट्रल, इंडेक्स चालू, परवानगीची खिडकी आणि पट्टी चालू, रेकॉर्डिंग १८० दिवस आणि त्यानंतर आपोआप जाणार. नागरी बँकांना ग्वाकामोली, बँकेच्याच सर्व्हरवर, व्हीपीएनमधून, कीस्ट्रोक बंद. हॅश रोज रात्री वेगळ्या मशीनवर. मुलांना लेखी देतोय की त्यांच्या हजेरीशिवाय रेकॉर्डिंग उघडणार नाही, आणि कुणी कुठलं उघडलं त्याचीही वही राहील, माझ्यासकट. ज्या मुलाचं मी लिहिलं त्यालाच हे सगळं उभं करायला सांगितलंय, तो खूश आहे.

एक शंका. टेस्टिंगला विंडोजची परवानगी विचारणारी खिडकी आली की रेकॉर्डिंगमध्ये तेवढा भाग काळा दिसतो. बिघाड आहे का?

जर्मनीतला_जळगावकर

नाही, ती विंडोजची रचना आहे. यूएसीची खिडकी वेगळ्या सुरक्षित डेस्कटॉपवर उघडते, साध्या युजरच्या हक्काने चालणाऱ्या प्रोग्रामला ती दिसत नाही. एजंट किंवा व्हीएनसी सर्व्हर सर्व्हिस म्हणून बसवा, मग दिसेल. यूएसीच बंद करायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. पासवर्ड मॅनेजरसारखे काही प्रोग्राम मात्र स्वतःची खिडकी मुद्दाम कॅप्चरमधून वगळतात, विंडोज १० च्या २००४ आवृत्तीपासून तशी सोय आहे. तिथे काहीच दिसणार नाही, आणि ते बरंच आहे. फक्त टिकीटमध्ये लिहून ठेवा म्हणजे नंतर बघणाऱ्याला संशय येणार नाही.

सोलापूरचा_ऑडिटर

१८० दिवसांनी आपोआप जाणार, ठीक. पण वाद चालू असलेली सेशन त्या साफसफाईतून वगळायची सोय ठेवा. तक्रार पाचव्या महिन्यात येते, चौकशी सातव्यात सुरू होते आणि तोवर फाइल गेलेली असते, असं पाहिलंय. तक्रार नोंदली की त्याच दिवशी फाइल आणि हॅश दोन्ही वेगळ्या फोल्डरला.

गोदाकाठचा_ॲडमिन

बँकेच्या डॉकरसाठी शेवटचं. रेकॉर्डिंग लिहितो ग्वाकडी आणि वाचतो वेब ॲप, हे दोन वेगळे कंटेनर आहेत. व्हार-लिब-ग्वाकामोली-रेकॉर्डिंग्ज हा एकच फोल्डर दोघांनाही माउंट करायला लागतो, ग्वाकडीला लिहायचे हक्क आणि वेब ॲपला वाचायचे. हक्क चुकले तर सेशन व्यवस्थित चालते, शाखा खूश, मुलगा खूश, आणि फोल्डर रिकामा. कुठेही मोठी लाल एरर येत नाही, फक्त ग्वाकडीच्या लॉगमध्ये एक ओळ. म्हणून बसवल्यावर एक सेशन करा, हिस्टरीत जाऊन ती प्रत्यक्ष चालवून बघा, आणि दर सोमवारी कुठलीही एक जुनी सेशन उघडायचं काम त्या मुलाच्या यादीत टाका. डिस्क ७० टक्के भरली की मेल येईल असंही करून ठेवा. व्हीएनसीचे पॅरामीटर टाकताना अडलात तर इथेच विचारा, मी रात्री असतो.